तलाव सोडू की कॉलेज?

ताई,

मी २४ वर्षांचा आहे. शाळा संपली तसं शिक्षणही सुटलं. जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि एका तरणतलावावर कामाला लागलो, त्याला आता पाच वर्षं झाली. सकाळची शिफ्ट माझ्याकडे असते, पाण्याची तपासणी मी करतो, नवशिक्यांची एक बॅचही घेतो. गेल्या वर्षी क्रीडा व मनोरंजन व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातलं, वर्ग संध्याकाळी असतात. पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले, शरीरक्रियाशास्त्र आणि संशोधन पद्धती. तोंडी विचारलं तर सांगतो, कागदावर काही उतरत नाही. वर्गातली मुलं माझ्याहून लहान, पण भराभरा लिहितात.

मॅनेजर म्हणतात, पुस्तकं वाचून कुणी बुडणाऱ्याला बाहेर काढत नाही. कॉलेजातले एक सर म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, नोकरी तरी सोड नाहीतर शिक्षण तरी.

परवा वर्गात तलावाच्या पाण्याच्या शुद्धीकरणावर तास झाला. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी गर्दी झाली की क्लोरीनचा वास इतका येतो की लोकांचे डोळे चुरचुरतात. मॅनेजर डोस कमी करायला सांगतात. मी कमी करतो, तर वास आणखी वाढतो. हे सरांना विचारावंसं वाटलं, पण सगळे हसतील म्हणून हात वर केला नाही.

तलावावर जे करतो आणि वर्गात जे शिकतो, त्याचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की मी उगाच जीव काढतोय? काय सोडू?

सकाळच्या शिफ्टमधला


मित्रा,

वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि तुझ्यासारख्या मुलांना शिकवण्यातच माझी वर्षं गेली, म्हणून 'तू' म्हणते.

काहीही सोडू नकोस. का, ते सांगते, पण आधी तुझ्या क्लोरीनकडे वळू. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस आणि तीच वर्गात विचारायची राहून गेली.

पुढच्या वेळी पाणी तपासायचं टेस्ट किट उघडशील तेव्हा पहिल्या गोळीवर थांबू नकोस. डीपीडी, म्हणजे क्लोरीन मोजायच्या रसायनाची, एक नंबरची गोळी विरघळली की पाणी गुलाबी होतं. तो रंग मोकळ्या क्लोरीनचा, म्हणजे जंतू मारायला अजून हाताशी असलेल्या क्लोरीनचा. तो आकडा लिहून ठेव. मग त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाक, दोन मिनिटं थांब आणि नळी पुन्हा रंगपट्टीशेजारी धर. गुलाबी आणखी गडद झाला असेल, तर नवा आकडा एकूण क्लोरीनचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन, आणि तुझ्या वासाचं मूळ तिथे आहे.

गर्दीच्या दिवशी पाण्यात घाम येतो, अंगाला लावलेली क्रीमं येतात आणि लघवीही येते, हे तुला मी सांगायला नको. त्यातल्या नायट्रोजनच्या संयुगांशी क्लोरीन जोडलं जातं आणि क्लोरामाइन तयार होतात. त्यातलं एक, नायट्रोजन ट्रायक्लोराइड, पाण्यातून सुटून हवेत येतं. डोळे त्याने चुरचुरतात, घसा त्याने खवखवतो. ज्याला सगळे 'क्लोरीनचा वास' म्हणतात तो बहुतेक वेळा काम करून थकलेल्या क्लोरीनचा वास असतो. मॅनेजर डोस कमी करायला लावतात तेव्हा मोकळं क्लोरीन घटतं, क्लोरामाइन मोडून काढायला काही उरत नाही, आणि वास वाढतो. तू जे पाहिलंस ते अगदी बरोबर पाहिलंस.

पीएच पण बघ. ७.५ पीएचला मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतूंवर जोरात चालणाऱ्या रूपात असतं. पीएच ८ वर गेला की ते पाव हिश्श्यावर येतं. किटवर मोकळं क्लोरीन तेवढंच दिसेल, पण काम निम्म्याने कमी. म्हणून पीएच आधी जागेवर आण. फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून त्याची धुलाई, वेळच्या वेळी होतोय का, ताजं पाणी पुरेसं घेतलं जातंय का, तलाव बंदिस्त असेल तर हवा खेळती आहे का, आणि मेंबर पाण्यात उतरण्याआधी खरंच शॉवर घेतात का, हे तपास. क्लोरामाइन मोडायला मोठा डोस देतात तो तलाव रिकामा आणि बंद असताना, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने. ते काम अंदाजाने अंगावर घेऊ नकोस. आणि अॅसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत, एकाच मापाने कधीही नाही. त्यातून निघणारा वायू जीव घेतो.

आता मला सांग, एवढ्या मजकुरात तलाव कुठे संपला आणि कॉलेज कुठे सुरू झालं? वास नाकाने ओळखलास तू. डोस कमी केल्यावर तो वाढतो हे निरीक्षणही तुझंच. पण तो का वाढतो याचं उत्तर त्या तासाला, तुझ्यापासून चार बाकांवर उभ्या असलेल्या माणसाकडे होतं. आणि त्यांच्याकडे, मला वाटतं, तुझा प्रश्न नव्हता. सुट्टीच्या दुपारी भरलेल्या तलावाच्या काठावर ते कितीदा उभे राहिले असतील? त्या दिवशी हात वर केला असतास तर वर्गाचं भलं झालं असतं, तुझं तर झालंच असतं.

मॅनेजरांच्या वाक्याकडे येते, कारण ते मनाला लागलेलं दिसतंय. पुस्तक वाचून कुणी बुडणाऱ्याला बाहेर काढत नाही, हे खरंच आहे. काढतात हात, आणि पाण्यात झोकून देणारं काळीज. पण बुडतंय कोण, हे ओळखायचं कसं?

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. १९७० च्या सुमारास त्यांनी किनाऱ्यावर कॅमेरा लावून खऱ्याखुऱ्या बुडण्याच्या आणि वाचवण्याच्या घटना टिपल्या आणि त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. तोवर सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं, की बुडणारा माणूस हात हलवतो आणि ओरडतो. पियांना दिसलं ते वेगळंच. खरोखर बुडणारा बहुधा ओरडत नाही, कारण श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरेसं राहत नाही. तो हात हलवून बोलावत नाही, कारण दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतो. शरीर उभं असतं, पाय जवळजवळ मारले जात नाहीत. आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. पियांनी त्याला 'बुडण्याची उपजत प्रतिक्रिया' असं नाव दिलं. पुढे मानसशास्त्राचा अभ्यास केला, लिहिलं, शिकवलं, आणि आज जगभरच्या जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात ते वर्णन असतं. तुझ्याही प्रशिक्षणात असणार.

म्हणजे जे पुस्तकात आहे ते काठावरच्या खुर्चीतूनच पुस्तकात गेलं. तुझ्यासारख्याच एका माणसाने तिथे नेलं. तो नुसताच खुर्चीत बसून राहिला असता तर त्याच्या एका किनाऱ्यापुरते जीव वाचले असते. तो नुसताच ग्रंथालयात बसला असता तर त्याला दाखवायला काहीच नसतं.

यातली दुसरी बाजू जरा कडू आहे. अनुभव आपल्याला चुकीच्या गोष्टीही शिकवतो, आणि त्या चुकीच्या आहेत हे अनुभव स्वतःहून सांगत नाही. पियांच्या आधीही वर्षानुवर्षं काठावर बसलेले लोक होतेच ना? त्यांनाही वाटायचंच की बुडणारा ओरडतो. तुझे मॅनेजरही वर्षानुवर्षं वास आला की डोस कमी करत आले असतील. त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त त्याला कुणी उलटा प्रश्न विचारलेला नाही.

माझीच गोष्ट सांगते. शिकवायला लागण्याआधी मी एका व्यायामशाळेत प्रशिक्षक होते आणि सोबत शिकत होते. भिंतीवर एक तक्ता होता: २२० वजा वय म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा. व्यायाम करताना तिच्या अमुक टक्क्यांपर्यंत नाडी पोचली पाहिजे, वगैरे. साठीचे एक मेंबर सायकलवर होते. मी मनगट धरून मोजलं तर ठोके तक्त्यापेक्षा खूपच कमी. 'अजून थोडं, अजून थोडं' करत मी भार वाढवत गेले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, ओठ कोरडे पडले होते, आणि मी घड्याळाकडे बघत होते. आमच्याकडे एक जुने मामा होते, यंत्रांची देखभाल करायचे, एकही परीक्षा दिलेली नव्हती. ते लांबून आले आणि म्हणाले, 'ताई, थांबवा त्यांना. मी नाव विचारलं तर सलग सांगता येत नाहीये.' आम्ही थांबवलं, बसवलं. ते सावरले.

नंतर कळलं की ते रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी घेत होते. ती गोळी हृदयाचा वेग फारसा वाढू देत नाही, त्यामुळे माझा तक्ता त्यांच्यासाठी निरुपयोगी होता. सुरुवातीला अर्जात गोळ्यांची माहिती विचारली जाते ती कशासाठी, हे मला त्या दिवशी समजलं. मामांना थांबवायचं कळलं, पण का ते सांगता आलं नसतं. मला सूत्र येत होतं, पण समोरचा माणूस दिसत नव्हता.

त्या रात्री मी पहिल्यांदा पाठ्यपुस्तक भुकेने वाचलं. २२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या एका लेखापासून रूढ झालं आणि ते आधीच्या काही पाहण्यांच्या आकड्यांतून काढलेली एक ढोबळ रेषा आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, हे मला तेव्हा समजलं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी माणसालाच 'किती जड जातंय' हे विचारून ६ ते २० अशी मोजपट्टी केली, आणि ती सहापासून सुरू होते कारण त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या ठोक्यांचा अंदाज येतो, हेही तेव्हाच. वर्गात हे सगळं आधी शिकवून झालं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण आत शिरलं ते सायकलवरच्या त्या माणसामुळे.

म्हणून तुझ्या सरांचं म्हणणं मला पटत नाही. दोन डगरी तेव्हा होतात, जेव्हा दोन्ही बाजू एकमेकांकडे पाठ करून उभ्या असतात. आणि खरं सांगू, पुष्कळ अभ्यासक्रम त्यांना तसंच उभं करतात. सोमवार ते गुरुवार व्याख्यानं, शुक्रवारी 'प्रात्यक्षिक', शेवटी कुठेतरी महिनाभर काम केल्याचा शिक्का मारलेला कागद. तिथे काय पाहिलंस आणि ते वर्गातल्या कुठल्या धड्याशी जुळतं, हे विचारणारं कुणीच नाही. दोन चांगल्या गोष्टी एका वेळापत्रकात घातल्या म्हणजे त्या एकमेकींत मिसळतात, हा गैरसमज मी माझ्या क्षेत्रात इतका पाहिलाय की अजून त्रास होतो. जिथे हे मन लावून करतात तिथे ते वेगळं दिसतं. जर्मनीत तरणतलावावर काम करणाऱ्यांचं तीन वर्षांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आहे. त्यात तोच विद्यार्थी तलावावरही शिकतो आणि व्यावसायिक शाळेतही. पोहणं, जीवरक्षण, पाण्याचं रसायन, यंत्रं, लोकांशी वागणं हे सगळं एकाच परीक्षेच्या दिशेने जातं. इंग्लंडमध्ये २००१ पासून फाउंडेशन डिग्री सुरू झाल्या, त्यांची कल्पनाच कामाच्या जागेला अभ्यासक्रमात ओढून घ्यायची होती, आणि क्रीडा क्षेत्रातही त्या निघाल्या. तुझ्या कॉलेजात तशी घडी नसेल. मग ती तुलाच घालावी लागेल, निदान स्वतःपुरती. हे न्याय्य नाही, पण जमण्यासारखं आहे.

राहिलेल्या विषयांपासून सुरू कर.

शरीरक्रियाशास्त्र तुला जड जातंय कारण तू ते पहिल्या पानापासून वाचतोयस. तुझ्या बॅचपासून वाच. नवशिका अर्ध्या तलावात का धापा टाकतो? तो दमलेला नसतो, त्याने श्वास कोंडलेला असतो. श्वास घ्यायची तडफड मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. म्हणून तू त्याला 'पाण्यात फुंकर मार, बुडबुडे काढ' सांगतोस ना, तेव्हा तू श्वसनाचा धडाच शिकवत असतोस. आता तेच एक पाऊल पुढे ने. मोठी मुलं पाण्याखालून कोण लांब जातो अशी पैज लावतात, आणि आधी भराभर खोल श्वास घेतात. त्यांना वाटतं ऑक्सिजन भरून घेतला. रक्तातला ऑक्सिजन त्याने फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड उतरतो. म्हणजे धोक्याची घंटा उशिरा वाजते, आणि ती वाजायच्या आतच मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडून शुद्ध जाते. पाण्याखाली, काही हालचाल न करता. कंबरभर पाण्यातही. चांगली पोहणारी मुलं यात जातात. हे तुला नीट समजलं तर ती पैज दिसताच तू शिट्टी फुंकशील आणि का, तेही त्या मुलांना सांगशील. नुसतं 'नियम आहे' म्हटलं की मुलं तू पाठ फिरवायची वाट बघतात.

श्वसन झालं की ऊर्जेचा धडा असाच घे. काठावरून उडी मारून तू सुरुवातीला जोरात मारलेले हात कशावर चालतात, आणि माणसाला ओढत परत येताना मांड्या का भरून येतात? तुझ्याच मांड्या आहेत, धडा तिथे आहे.

यावरून धावपटू पीटर स्नेल आठवतात. त्यांचे प्रशिक्षक, न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड, बुटांच्या कारखान्यात काम करायचे. पळण्याचं तंत्र त्यांनी आधी स्वतःच्या पायांवर वर्षानुवर्षं तपासलं. आठशे मीटर पळणाऱ्या स्नेलनाही ते आठवड्याला १६० किलोमीटर पळायला लावत, आणि जाणकारांना हे वेडेपण वाटायचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनी आठशे मीटर आणि लिडियार्ड यांचेच शिष्य मरे हॅलबर्ग यांनी पाच हजार मीटर जिंकून दोन सुवर्णपदकं एकाच दिवशी आणली. १९६४ ला टोकियोत स्नेलनी आठशे आणि पंधराशे दोन्ही जिंकली. एवढं झाल्यावर माणूस थांबला असता. स्नेल तिशी ओलांडल्यावर अमेरिकेत कॉलेजात दाखल झाले, पहिली पदवी घेतली, मग व्यायाम शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली आणि पुढची बरीच वर्षं डॅलसमध्ये संशोधन केलं. गुरूने करून घेतलेल्या गोष्टीमागे शरीरात काय घडत होतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. तेही वर्गात सगळ्यांपेक्षा मोठेच असणार. तू २४ चा आहेस रे.

संशोधन पद्धतीसाठी तर तुझ्याकडे विषय तयार आहे आणि वर्गातल्या भराभर लिहिणाऱ्या मुलांकडे तो नाही. आठ आठवडे, दिवसातून तीन ठरलेल्या वेळा: पाण्यात किती माणसं, मोकळं क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच, पाण्याचं तापमान, शेवटचा बॅकवॉश कधी. प्रश्न एकच ठेव: माणसं वाढली की संयुक्त क्लोरीन किती वाढतं आणि किती वेळाने उतरतं? मॅनेजरांची लेखी परवानगी घे. कुणाचंही नाव नोंदवू नकोस. नळी दर वेळी त्याच जागी, त्याच खोलीवर भर आणि काठाला पाणी आत येतं त्या तोंडाजवळून घेऊ नकोस, तिथे आकडा फसवा येतो. दुसऱ्या शिफ्टचा मित्र आकडे घेणार असेल तर आधी दोघांनी एकच नळी स्वतंत्रपणे वाचून बघा. रंगाचा अंदाज दोघांचा किती जुळतो, त्यालाच पुस्तकात 'विश्वसनीयता' म्हणतात, आणि तो शब्द तू पुन्हा विसरणार नाहीस. हा प्रकल्प म्हणून मान्य करा, असं सरांना जाऊन सांग. ज्यांनी दोन डगरींचं सांगितलं त्यांनाच सांग. कॉलेजच्या कार्यालयात हेही विचार की आधीच्या कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची सोय आहे का. काही ठिकाणी असते आणि कुणी विचारत नाही म्हणून सांगितली जात नाही.

कागदावर उतरत नाही म्हणतोस. मला वाटतं तू उत्तरात घटना सांगत बसत असशील, कारण तुझ्याकडे घटना आहेत. परीक्षकाला आधी संकल्पना हवी असते. पहिल्या दोन वाक्यांत ती नावानिशी मांड, मग तलावावरचा एकच दाखला दे, आणि शेवटी ती संकल्पना कुठे लागू पडत नाही ते लिही. ही तिसरी गोष्ट फार कमी विद्यार्थी लिहितात, आणि तुला ती येते, कारण तू गोष्टी न जुळताना पाहिल्या आहेत. रोज शिफ्ट संपल्यावर, कपडे बदलायच्या आधी, दहा ओळी लिही: आज काय झालं, मी काय केलं, असंच का केलं, आणि मला काय माहीत नव्हतं. शेवटची ओळ संध्याकाळी वर्गात घेऊन जा. महिनाभरात हात सुटेल.

सगळंच असं जुळणार नाही, हेही सांगून ठेवते. व्यवस्थापनाच्या पेपरात काही सिद्धान्त असतील ज्यांचा तुझ्या तलावाशी आज काडीचा संबंध नाही. ते पाठ कर, लिही, पुढे जा. उद्या शिफ्टचं वेळापत्रक तू लावायला लागलास आणि तीन माणसं एकदम रुसून बसली की त्यातलं काही आठवेल, काही नाही आठवणार. आणि तुझ्या हातात असं काही आहे जे कुठल्याच पेपरात येणार नाही. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाच्या पाठीखाली तळहात नेमका केव्हा ठेवायचा आणि त्याच्या नकळत केव्हा काढून घ्यायचा, याला गुण मिळत नाहीत. म्हणून ते कमी आहे असं समजू नकोस.

मॅनेजरांशी पुस्तकावरून वाद घालू नकोस. कॉलेजात हे शिकवलं, असं म्हटलंस की ते ऐकणं बंद करतील. त्यांना नळ्या दाखव. एक नंबरची गोळी, मग तीन नंबरची, दोन रंग शेजारी शेजारी. त्यांनी आयुष्य तलावावर काढलंय, रंग त्यांना लगेच कळेल. आणि त्यांच्याकडून घेण्यासारखं काय आहे ते विचारत राहा. पंप बिघडण्याआधी आवाज कसा बदलतो, हे त्यांना माहीत असेल, तुझ्या सरांना नसेल.

सोडायचंच असेल तर एक सोड. पहाटेची शिफ्ट आणि संध्याकाळचा वर्ग यांच्यामध्ये जास्तीच्या तासांचं काम घेत असशील, आणि माझा अंदाज आहे घेतोसच, तर ते परीक्षेच्या आधीचे दोन महिने घेऊ नकोस. झोप न झालेला जीवरक्षक काठावर असला काय आणि नसला काय, हे तुला ठाऊक आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी, तलाव भरलेला असताना, दुपारी दोन्ही गोळ्यांचे आकडे घे. पीएचही. मला कळव, आणि त्याआधी सरांना. हात वर करून.

तुझी,
ताई